कोऱ्या यादीचा मान

सांतनआळीत घरं पंधरा आणि एक खोपट. खोपट घरांत धरायचं की नाही, यावर आळीचं कधी एकमत झालं नाही. सणाची वर्गणी मागायची वेळ आली की धरायचे, पानसुपारी वाटायची वेळ आली की विसरायचे. वसईतल्या गिरीजच्या पलीकडे केळीच्या वाड्यांत ही आळी अशी दडलेली होती की रस्त्यावरून जाणाऱ्याला तिची नुसती कौलं दिसत. माणसं कष्टाळू, देवभिरू आणि मानी. मानी किती, तर घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, इतकी.

या मानाचे राखणदार होते आलोशियस मास्तर. चाळीस वर्षं शाळेत घालवून निवृत्त झालेले, ग्राममंडळाचे अध्यक्ष, अंगात पांढरा सदरा आणि खिशाला शाईचं पेन. १९८० पासून सरकारने निराधारांसाठी योजना काढली होती. ज्याला पोसणारं कोणी नाही त्याला महिन्याला साठ रुपये. दर वर्षी तलाठी गावोगावची यादी मागवी, आणि दर वर्षी मास्तर आपल्या मोत्यांसारख्या अक्षरात उत्तर लिहीत: सदर गावी निराधार कोणीही नाही. मग ते पत्र स्वतः सायकलवरून नेऊन देत. वाटेत कोणी विचारलंच, मास्तर, कुठे निघालात, तर थांबून, सायकलवरून उतरून, सगळं सांगत.

त्यांच्या या हट्टाला कारण होतं, आणि ते ऐकल्याशिवाय माणसाला नावं ठेवणं बरं नाही. मास्तर सहा वर्षांचे असताना बाप गेला. आई दर शनिवारी फादरांच्या घरामागे तांदळासाठी रांगेत उभी राहायची आणि पिशवी धरायला याला न्यायची. रांगेतल्या बायका पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. वर्गातली पोरं सोमवारी याला 'शनिवारचा तांदूळ' म्हणायची. ते नाव पुसायला मास्तरांना सगळा जन्म लागला. आपल्या गावातलं एकही माणूस पुन्हा तशा रांगेत उभं राहता कामा नये, एवढंच त्यांना हवं होतं. हवं होतं ते वाईट नव्हतंच. फक्त त्यांनी माणसाची भूक आणि माणसाची रांग यांतली रांग तेवढी मनावर घेतली.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर तलाठी स्वतःच आळीत आला. घाटावरचा तरुण माणूस, नीट बोलणारा. त्याच्या हातात एक अर्ज होता आणि अर्जावर अंगठा होता.

"मास्तर, तुमच्या गावचा पहिलाच," तो म्हणाला. "इनेझबाई पास्कल. वय सत्तर. पंच म्हणून तुमची आणि आणखी एकाची सही लागेल. बाईला खरंच कोणी नाही, मी पाहून आलोय."

मास्तरांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

इनेझबाय म्हणजे त्या खोपटातली. नवरा पास्कल वीस वर्षांपूर्वी माडावरून पडून गेला. एकुलता एक आग्नेल भाईंदरला कंपनीत होता, तो काविळीने गेला, लग्नाआधीच. मग तिने लोकांच्या वाड्यांत खुरपणी केली, उन्हात सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी पानांत बांधायला ती गेली, आणि स्वतःचं पोट स्वतः भरलं. पण गेल्या पावसात तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. खाली बसली की उठता येईना, आणि उभं राहून खुरपणी होत नाही. रेशनच्या दुकानात तलाठ्याने तिला पाहिलं, विचारपूस केली आणि अर्ज लिहून दिला. एवढंच घडलं होतं. पण मास्तरांना वाटलं, कोणीतरी आपल्या घरात शिरून आपल्याला न विचारता भिंतीला भोक पाडलं.

"अर्ज दोन दिवस माझ्याकडे राहू दे," ते म्हणाले.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मंडळाच्या खोलीत बैठक बसली. मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, की एक नाव यादीत गेलं की गाव यादीत गेलं. आज इनेझबाय, उद्या आणखी कोण? पुढच्या वर्षी आजूबाजूची गावं आपल्याकडे बोट दाखवतील, की बघा, केळीचे बागाईतदार, आणि एक म्हातारी पोसवली नाही.

"साठ रुपये ते काय," हिलरी म्हणाला. त्याच्या केळीचे ट्रक दादरला जात, त्यामुळे तो बोलला की बाकीचे ऐकत. "साठ रुपयांत माझ्या बैलाचा पेंडा येत नाय. आपण पंधरा घरं हाव. एकेक दिवस जेवन दिलं तर कोनाला जड जाईल?"

कोणालाच जड जाणार नव्हतं. सगळ्यांनी हात वर केले. बायका नव्हत्याच तिथे, रांधायचं त्यांना होतं. आता पाळी कशी लावायची? मास्तरांचा शेजारी फेबियन म्हणाला, वहीत लिहू. पण मास्तरांना वही नको होती. वही म्हणजे पुन्हा यादी. त्यांना एक सुंदर युक्ती सुचली. मरियेच्या महिन्यात, म्हणजे मेमध्ये, मरियामातेची मूर्ती आळीत घरोघर फिरते. आज ज्या घरी मूर्ती, त्या घरी रोजरीची प्रार्थना; उद्या ती शेजारच्या घरी. कोणी मोजत नाही, कोणी लिहीत नाही, आणि शंभर वर्षांत मूर्ती कधी चुकली नाही. तसाच डबा फिरवायचा. ज्याच्या घरी डबा, त्याचा वार. संध्याकाळी इनेझबायकडून धुतलेला डबा आणायचा आणि पुढच्या घरी द्यायचा. सगळ्यांना युक्ती एवढी आवडली की टाळ्या पडल्या. मूर्तीच्या दिवशी घराला कुलूप लावून जाणारं माणूस वसईत जन्मलेलं नाही, आणि म्हातारीच्या डब्याचं तसं नाही, हे त्या टाळ्यांत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याच दिवशी मास्तर अर्ज घेऊन खोपटात गेले. इनेझबाय उंबऱ्यात पाय लांब करून बसली होती. मास्तर लहान असताना तिने त्यांना कडेवर घेतलं होतं, म्हणून ती त्यांना अरे-तुरे करी, आणि आळीत तसं करणारी आता ती एकटीच उरली होती.

"बाय, हा अर्ज मागे घे," मास्तर म्हणाले. "तू निराधार कशी? आम्ही मेलो का? पंधरा घरं तुला रोज जेवण देणार. दोन वेळचं. ठरलंय."

तिने अर्ज हातात घेऊन बघितला. वाचता येत नव्हतं, पण आपला अंगठा तिला ओळखू येत होता.

"रोज एका घरचा?" तिने विचारलं.

"रोज एका घरचा."

"म्हंजे पंधरा तोंडं बघायची," ती म्हणाली. "आलोशियस, ते साठ रुपये पोष्टाने येतात. पोष्टमन माझं तोंड बघत नाय, मी त्याचं बघत नाय. सही-अंगठा, नि झालं."

"परक्याचे पैसे घ्यायचे, आणि आपल्या माणसांचं जेवण नाकारायचं?" मास्तरांचा आवाज चढला. "गावाची अब्रू आहे बाय. पास्कलने कधी कोणापुढे हात पसरला?"

नवऱ्याचं नाव काढलं तेव्हाच ती हरली. ती काय सांतनआळीबाहेरची होती? तिच्याही अंगात तेच पाणी. "पसरला नाय," ती म्हणाली, "कधीच पसरला नाय," आणि दुसऱ्या कागदावर अंगठा उठवला. मास्तरांनी पत्र लिहिलं, की सदर महिलेचा सांभाळ संपूर्ण गाव करत असून तिला शासकीय मदतीची आवश्यकता नाही. तलाठ्याने ते दोनदा वाचलं. "बघा मास्तर," एवढंच तो म्हणाला, आणि पत्र फाईलला लावलं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. सांतनआळीने चांगले पंधरा काढले, त्याचं श्रेय तिला द्यायला हवं. पहिल्या फेरीत घराघरात चढाओढ लागली. कोणी कोंबडीचा रस्सा दिला, कोणी पोह्यांत घातलेलं भुजिंग. मास्तरांची बायको बर्था हिने नारळाच्या दुधातला भात केला. आपलं घर शेजारणीपेक्षा कमी पडू नये म्हणून बायका डब्याचं झाकण बसेना इतकं भरत. इनेझबायचं पोट बिघडलं, तीही बातमी आळीत कौतुकानेच फिरली.

दुसऱ्या फेरीला डबा हलका झाला. तिसरीला भातावर सुक्या बोंबलाचं पाणी तेवढं उरलं. तेही चालण्यासारखं होतं, माणूस पेजेवरही जगतं. पण अन्नाबरोबर दुसरंही काही येऊ लागलं होतं. डबा घेऊन आलेली बाई दारात थांबे आणि खोपटात नजर फिरवी. "बाय, बसल्या बसल्या एवढे वाल सोलून ठेव." "बाय, दुपारी पोराला बघशील? नायतरी तू काय करतेस?" एकदा तिच्या कनवटीला मशेरीची पुडी दिसली, तर तिसऱ्या दिवशी सगळ्या आळीत प्रश्न, की भात आमचा, मग मशेरीला पैसे कुठून येतात? ती पुडी तिला रेशनवाल्याने फुकट दिली होती. तिने ते कोणाला सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून तिने मशेरी सोडली, पन्नास वर्षांची सवय.

हे मास्तरांना ठाऊक नव्हतं काय? थोडंबहुत होतं. बर्था बोलायची रात्री जेवताना. "त्या हिलरीच्या घरून भात करपलेला गेला म्हणे." मास्तर म्हणायचे, "गेला ना? मग झालं." ते वर्गातल्या हजेरीसारखं बघत होते, पोरगं बाकावर बसलंय ना, मग ते शिकतंय की झोपलंय, ते कोण विचारतो.

नाताळ सरला आणि तालुक्याहून पत्र आलं. तालुक्याच्या साहेबांनी एक हिशेब मांडला होता: ज्या गावातून मदतीचे अर्ज जास्त, ते गाव मागास, ज्या गावातून कमी, ते गाव पुढारलेलं. मोजायला किती सोपं! आणि सगळ्या तालुक्यात चार वर्षं यादी कोरी असलेलं एकच गाव निघालं. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी सभापती आणि साहेब येऊन सांतनआळीला मानपत्र देणार होते. शिवाय डांबरी रस्त्यासाठी आळीचं नाव वर सरकवणार होते.

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. मग ते आत जाऊन एकटेच बसले, आणि बर्थाने डोकावून पाहिलं तर म्हातारा रडत होता. शनिवारचा तांदूळ अखेर पुसला गेला होता.

त्या आठवड्यात आळी नुसती पळत होती. मांडव, पताका, भाड्याच्या खुर्च्या, पोरांचं स्वागतगीत. मास्तर भाषण लिहीत आणि खोडत. सोमवारी डब्याचा वार हिलरीच्या घरचा होता. संध्याकाळी त्याची सून बेटी धुतलेला डबा घेऊन शेजारी हेलनकडे गेली. पुढचं दार बंद होतं. हेलन मागे वाडीत असेल म्हणून बेटी मागीलदारी गेली, तिथेही कोणी नाही. तिने डबा मागीलदारच्या खिळ्याला अडकवला आणि घाईने घरी आली; वीस माणसांच्या चकल्या तळायच्या होत्या. हेलनची मुलगी व्हेरोनिका वांद्र्याला बाळंतपणात अडली होती, निरोप आल्याबरोबर हेलन नवऱ्याला घेऊन दुपारीच निघून गेली होती. मागीलदार वाडीकडे तोंड करून, तिथून कोणाची जा-ये नाही.

हेलनच्या पुढचं घर मास्तरांचं. मंगळवारी संध्याकाळी बर्थाच्या मनात आलं होतं, की डबा आला नाही अजून. पण हेलनने कसलातरी नवस बोलला होता, ती कधीकधी डबा दोन-दोन दिवस ठेवून घ्यायची. बुधवारी तिला कळलं की हेलन वांद्र्याला गेलीय. मग ती धरून चालली, की डबा अजून हिलरीकडेच असणार, आणि श्रीमंताच्या घरी दोन दिवस जास्त गेले म्हणून काय बिघडतं? हिलरीकडे धरून चालले की डबा पुढे गेला. त्यापुढच्या घरांना तर विचारायचं कारणच नव्हतं, डबा दिसत नाही म्हणजे वार आपला नाही. कोणी वाईट नव्हतं. प्रत्येकाकडे चांगलं, पटण्यासारखं कारण होतं, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

शनिवारी चार वाजता मांडव भरला. इनेझबायला आणायला मास्तरांनी फेबियनला पाठवलं. ती नको म्हणत होती, पण फेबियन तिला हाताला धरून घेऊन आला, आणि तिला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. लाल लुगडं, कानात पास्कलने केलेली बारीक कर्णफुलं. तोंड जरा उतरलेलं होतं. म्हातारीचं तोंड उतरलेलंच असतं, कोणी निरखून पाहिलं नाही.

स्वागतगीत झालं. साहेब चांगलं बोलले. म्हणाले, की सरकारची मदत घेणं गुन्हा नाही, पण ज्या गावाला ती लागत नाही त्या गावासारखं सुखी गाव नाही. सांतनआळीची कोरी यादी हेच सांतनआळीचं सोनं. मग मास्तर उठले. त्यांनी भाषणाचा कागद खिशातच ठेवला, आणि मनात आलं ते बोलले.

"साहेब, आमच्यात निराधार कोणी नाही, असं आम्ही लिहितो, ते नुसतं लिहीत नाही," ते म्हणाले. त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला. "ही आमची इनेझबाय. हिला नवरा नाही, मुलगा नाही. पण पंधरा घरं हिची आहेत. रोज एका घरचा डबा हिच्याकडे जातो. एक दिवस चुकलेला नाही."

टाळ्या पडल्या. सभापती भले माणूस, ते व्यासपीठावरून खाली उतरले आणि म्हातारीसमोर वाकले. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला काय विचारतात, तेच त्यांनी विचारलं.

"काय आजी, जेवलात ना आज?"

 इनेझबायने वर पाहिलं. सभापतींच्या मागे हिलरी उभा होता, फेबियन उभा होता, बेटी चकल्यांचं ताट घेऊन उभी होती. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हसत होते, डोळ्यांत पाणी होतं. चाळीस वर्षांत त्यांना एवढं सुखी कोणी पाहिलं नव्हतं.

"जेवले, साहेब," ती म्हणाली. "पोटभर जेवले."

तिच्या हातात चकलीची बशी दिली, तेव्हा तिने एक चकली तोडली आणि बाकीच्या पदरात बांधल्या. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. म्हातारपणी माणूस हावरं होतं, दुसरं काय.

सात वाजले असतील. पाहुणे गेले होते, मांडव सुटत होता. मास्तर घरात मानपत्र टांगायला भिंतीत खिळा ठोकत होते, तेव्हा हेलन दारात आली. वांद्र्याहून नुकतीच उतरलेली, नातीचे पेढे घेऊन. तिच्या दुसऱ्या हातात डबा होता.

"बर्था, हा माझ्या मागीलदारी कोनी टांगला?" ती म्हणाली. "मी सोमवारी दुपारपासून घरी नाय. आत मुंग्यांनी वारूळ केलंय."

बर्थाने तोंडावर हात नेला. मास्तर स्टुलावर हातोडी घेऊन तसेच उभे राहिले. मोजायला ते शिक्षक होते. मंगळ, बुध, गुरू, शुक्र. आणि आज शनिवार.

"सोमवारी रात्री तिने हिलरीकडचं खाल्लं असेल," बर्था पुटपुटली. "मंगळवारी थोडं शिळं उरलं असेल..." 

तिने डबा घासला, तोंडापर्यंत भात भरला, वर मासळीचं कालवण ओतलं, आणि म्हणाली, मी जाते. मास्तरांनी डबा तिच्या हातातून घेतला. हे त्यांचंच काम होतं. अंधारात चालताना कालवण सांडून त्यांच्या सदऱ्यावर आलं, ते त्यांना कळलं नाही.

खोपटात दिवा होता. इनेझबाय चटईवर भिंतीला टेकून बसली होती. चुलीवर एक तपेली होती, आणि तिच्यात काय शिजतंय ते मास्तरांना वासानेच कळलं. केळीचा गाभा. घड काढल्यावर तोडून फेकतात तो. आळीत तो डुकरांना घालतात.

"हिलरीच्या वाडीतला हाय," ती म्हणाली. "तोडून टाकलेला होता, पन विचारलं नाय मी. त्याला सांगू नको."

मास्तर खाली बसले. डबा मधे ठेवला. "बाय, पाच दिवस," ते म्हणाले. "पाच दिवस तू एका दाराला हाक मारली नाहीस? मला हाक मारायची होतीस."

"काय बोलू? माझा भात आनला नाय, असं बोलू? कोनाच्या दारात?" ती चिडली नव्हती, समजावून सांगत होती. "मागायचं नाय म्हनून तर तू अर्ज मागे घ्यायला लावलास."

 बाहेर मांडवाचे बांबू एकेक करून पडत होते, त्यांचा आवाज येत होता. शेवटी ते म्हणाले, "उद्या रविवार. सोमवारी सकाळी मी तलाठ्याकडे जातो. नवा अर्ज लिहितो. पंच म्हणून माझी सही. तुझे साठ रुपये तुला मिळतील."

बोलताना त्यांना ते सगळं दिसत होतं. तलाठी त्यांचंच जुनं पत्र फाईलमधून काढील. साहेब म्हणतील, आठवडा झाला नाही मानपत्र देऊन. हिलरी म्हणेल, रस्ता घालवला म्हाताऱ्याने. सगळं दिसत होतं, तरी ते बोलले, आणि त्या घडीला त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

इनेझबायने मान हलवली. "आता कसा जमेल रे? मी सगळ्यांदेखत बोलले, जेवले म्हनून. सायबाला बोलले. आता पैसे मागितले तर गाव खोटा पडेल, नि तू पहिला. ऱ्हाऊ दे."

"नाही बाय, मी..."

"ऱ्हाऊ दे. चूक झाली, होते. डबा येईल ना परत? मग झालं."

इथे मास्तरांनी हट्ट धरायला हवा होता. त्यांनी आयुष्यभर किती क्षुल्लक गोष्टींसाठी हट्ट धरला होता. पोरांच्या शाईच्या डागांसाठी, पताकांच्या रंगासाठी. आता तोंड उघडायचं आणि म्हणायचं, नाही, गाव खोटं पडलं तर पडू दे. ते शब्द त्यांच्या ओठापर्यंत आले. आणि मग त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. ती स्वतःच नको म्हणाली होती. त्यांना हायसं वाटलं, देव त्यांना क्षमा करो, आणि हायसं वाटलं हे त्यांना स्वतःला कळलं. पुढे ते आठ वर्षं जगले, पण इनेझबायच्या तोंडाकडे त्यांनी पुन्हा कधी सरळ बघितलं नाही.

"येईल," ते खाली बघत म्हणाले. "रोज येईल. मी जातीने बघेन."

तिने डबा उघडला. भाताची वाफ तिच्या तोंडावर आली. मग तिने थाळीत भात काढला, कालवण घेतलं, क्रूसाची खूण केली आणि सावकाश चार घास खाल्ले.  मास्तरांना वाटलं, आता ती सगळं संपवील, संपवू दे. पण पाचवा घास तिने घेतला नाही. उरलेला भात तिने दुसऱ्या भांड्यात काढला आणि गुडघ्यावर हात टेकत, भिंतीला धरत, मांजर पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवायला उठली.

"खा ना बाय," मास्तर म्हणाले. "उद्या फेबियनकडचा येईलच."

"येईल की," ती म्हणाली, आणि भांड्यावर झाकण घालून वर एक दगड ठेवला.